शनिवारची पाडापाड

"ताय, बैल बांध गो माजा!"

सकाळी ही हाक माझ्या स्टोअरच्या खिडकीतून आत यायची आणि तिच्या मागोमाग सोन्याची एक साखळी. बोटाएवढी जाड! मास्तर ती गळ्यातून काढायचे, शर्टाला पुसायचे आणि माझ्या तळहातावर सोडायचे. व्हाइट सिमेंटचा एक रिकामा डबा मी खास तिच्यासाठी वरच्या फळीवर ठेवला होता. संध्याकाळी हातपाय धुऊन मास्तर परत खिडकीशी हजर. "सोड गो बैल!"

साखळीला बैल का म्हणतात, ते मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. तेव्हा म्हणाले, "नव्या शहरासाठी शेती जेली, बैल विकला. बापासनी त्याच पैशांची ही चेन केली न् माज्या गल्यात घातली. बोलला, आता यालाच चारा घाल." आणि स्वतःच इतके हसले की खोकला लागला. मास्तरांचं हसणं म्हणजे पोटापासून सुरू होऊन कानाच्या पाळ्यांपर्यंत जायचं. तुमच्या गल्लीतही असा एखादा माणूस असेल, ज्याचं हसणं आधी ऐकू येतं आणि माणूस मागून येतो.

आमचं केंद्र नेरूळहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका जुन्या गोदामात. कातकरी आणि ठाकर वाड्यांवरची तरुण पोरंपोरी तिथे तीन महिने येतात. विटांचं काम, सळया बांधणं, वायरिंग, नळजोडणी असं शिकतात आणि मग कुठल्या तरी साइटवर नोकरीला लागतात. मी स्टोअर सांभाळते. वडील माझे साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी. दुसऱ्याचा माल आपल्या जिवापेक्षा जपायचा हे मी त्यांच्याकडून शिकले. माझ्या स्टोअरमधून खिळा जरी बाहेर निघाला तरी तो मला विचारून निघतो. पोरं मला मागून काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, म्हणू देत.

मास्तर गवंडीकाम शिकवायचे. खाडीकाठच्या गावातले आगरी, मोरा बंदराच्या बाजूचे. गावात दोन चाळी भाड्याने दिलेल्या, मुलगा बिल्डर, दाराशी गाडी. आमच्याकडच्या तुटपुंज्या पगाराची त्यांना काय गरज? विचारलं की म्हणायचे, "घरी बसून भाडेकरूंची भांडना ऐकू क?" तरुणपणी मुंबईत गवंडी होते, हात अजून खाजत होता, एवढंच मला तेव्हा वाटायचं.

त्यांचा एक नियम होता, आणि सगळी गंमत त्या नियमाचीच आहे.

आमच्या आवारात पोरं ज्या भिंती बांधतात, त्या सिमेंटच्या नसतात. चिखलमातीच्या मालात विटा रचायच्या, आठवडाभर शिकायचं आणि शनिवारी सगळं पाडायचं. विटा धुऊन, वाळवून सोमवारी पुन्हा त्याच वापरायच्या. सिमेंट परवडत नाही आणि विटाही परवडत नाहीत. त्यामुळे शनिवारी जेवणाआधी मास्तर आवाराच्या मधोमध उभे राहायचे, लुंगी वर खोचायचे आणि अशी आरोळी ठोकायचे की रस्त्यावरचे टेम्पोवाले वळून बघायचे.

"पाडा!"

काय धमाल असायची म्हणून सांगू! पोरं खांदे लावायची, पोरी पाय लावायच्या, कुणी पळत येऊन धडकायचं, आणि धडाधड भिंती आडव्या. धुळीत सगळे सारखेच दिसायचे. मी खिडकीतून ओरडायचे, "अरे विटा फोडू नका रे मेल्यांनो!" पण माझं कोण ऐकतंय? नंतर सगळ्यांना जेवायला मास्तरांच्या घरून सुके बोंबील आणि तांदळाच्या भाकऱ्या. जेवताना ते प्रत्येक नव्या पोराला तेच सांगायचे, "भिंतीन जीव नको गुतवू. आपन बांधाची, लोकांनी राहाची. जीव गुतवला त मेलास."

हे बोलणारा माणूस शनिवारी सकाळी काय करायचा माहीत आहे? कुणी नाही असं बघून प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढायचा. मी एकदा पकडलंच. "काय हो मास्तर, जीव गुंतवू नको ना?" तर चोरी पकडल्यासारखे लाजले. म्हणाले, "मोबाइल फुल झाला गो. सून बोलते, नातवाचे फोटो काढाला जागा नाय." मग त्यांनी डिलीट काय केलं असेल? नातवाचे फोटो! भिंती तशाच.

मागच्या एका तुकडीतल्या चार मुली एका मोठ्या साइटवर लागल्या होत्या. आम्ही पेढे वाटले. महिन्याभराने मास्तर सहज त्या साइटवर गेले. संध्याकाळी परत आले. साखळी मागितली नाही, डबा मीच खाली काढला.

"बिगारी गो ताय," ते म्हणाले. "चारी पोरी घमेला उचलतान. थापी नाय दिली एकीच्या पन हातान. तीन म्हयनं मी क केला मंग? घमेला उचलाला शिकवाला लागते?"

बांधकामावर हीच रीत आहे, तुम्हीही पाहिली असेल. पुरुष भिंत रचणार, बाई डोक्यावरून माल आणून देणार. तिला भिंत रचता येते की नाही हे कुणी विचारतच नाही. त्या दिवशी मास्तर येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मग एकदम म्हणाले, "आमची जमीन जेली तवा आमाला पैसं तरी भेटला. या पोरींचे आजे आमच्याच शेतान राबले, मिठागरान राबले. त्यांना क भेटला? काय पन नाय." मी चहा केला.

पुढच्या तुकडीत सुगंधा आली. उरणच्या बाजूच्या एका कातकरी वाडीतली, बावीस-तेवीसची, मुलगी पहिलीत घातलेली. तोवर दरवर्षी दिवाळी झाली की नवरा-बायको वीटभट्टीवर जायचे आणि मुलगीही बरोबर. आता तसंच केलं तर शाळा बुडणार. यंदा सुगंधाने घरात जाहीर केलं होतं, मी गवंडी होणार, भट्टीवर जाणार नाही. नवरा म्हणाला, बघू. बघू म्हणजे काय ते आपल्याला कळतंच. बिगारीच्या रोजावर घर चालणार नव्हतं. थापी हातात आली तर वाडी, नाही तर पुन्हा भट्टी, असा सरळ मामला होता.

बाई भारी जिद्दीची. पहिल्या दिवशी दिलेले जाड बूट घालून ती बदकासारखी चालत होती, पोरं हसली, तर तिने जेवणाच्या सुट्टीत आवाराला फेऱ्या मारून मारून ते बूट माणसाळवले. ओळंबा धरायला लागली की श्वास रोखायची. मास्तर तिला पैलवान म्हणायचे. "पैलवान, श्वास घे, भित काय पलून जात नाय!"

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. तेव्हा आवारात केंद्राच्याच एका शेडचं पक्कं काम चालू होतं, त्यासाठी आणलेली सिमेंटची पोती रिकामी व्हायची, आणि ती पोती झटकायला सुगंधा नेहमी पुढे. मला वाटलं, वा, स्वच्छतेची आवड आहे. मीच तिचं कौतुक केलं!

मग तुकडी संपायच्या सुमाराचा आठवडा आला. एका कंत्राटदाराचा साइट इंजिनिअर पोरांना बघायला येणार होता, सोमवारी. खारघरला मोठ्ठं काम, माणसं हवी होती. सगळ्या पोरांच्या तोंडी तेच. मंगळवारी सुगंधाने आवाराच्या कोपऱ्यात भिंत घेतली, काटकोनात वळणारी, छातीइतकी उंच. संध्याकाळी घरी जाताना ती भिंतीवर लोटाभर पाणी ओतायची. मी विचारलं तर म्हणाली, "धूळ बसते, ताई." मी म्हटलं बरं.

बुधवारी मास्तर फेरीला निघाले. प्रत्येक भिंतीवर थापीच्या दांड्याने टकटक करायची त्यांची सवय. कोपऱ्यातल्या भिंतीवर केली. परत केली. कान जवळ नेला. मग वळून म्हणाले, "चला रे, जेवाला चला!" जेवायला अजून तासभर होता, पण पोरांना काय, पळालीच. मास्तर माझ्या खिडकीशी आले आणि ऑफिसचा फोन मागून घेऊन त्या इंजिनिअरला लावला.

"साहेब, सोमवारी कनाला? शनवारी या ना. सकाली या. भिती पडताना बगा. मजा येते. मोऱ्याचा म्हावरा पन खिलवतो, ताजा."

शनिवार उजाडला. इंजिनिअर आला. बिचारा तिशीचाही नसेल, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, बरोबर ड्रायव्हर. सगळ्या भिंती हिंडून बघितल्या, ओळंबा लावला, खूश झाला. मग कागद काढून म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, सगळ्यांना घेतो. मुलं गवंडी, लेडीज हेल्पर."

मास्तर म्हणाले, "लेडीज हेल्पर कनाला?"

"अहो काका, परांचीवर बाई चढवली आणि काही झालं तर माझी नोकरी जाईल. आमच्याकडे तशी पद्धत नाही हो."

मी खिडकीतून बघत होते. सुगंधाने हातातली थापी खाली ठेवली. मास्तरांनी मात्र वादच घातला नाही. मला आश्चर्य वाटलं, कारण हा माणूस चहात साखर कमी पडली तरी वाद घालायचा. ते आवाराच्या मधोमध गेले, लुंगी खोचली, आणि—

"पाडा!"

धडाड! एक गेली, दुसरी गेली, धूळ उसळली, पोरं ओरडायला लागली, इंजिनिअर टाळ्या पिटायला लागला. धूळ जरा बसली तेव्हा दिसलं, कोपऱ्यातली उभी आहे. तीन पोरं तिला खांदे लावून रेटत होती आणि ती हलत नव्हती.

मास्तर गेले. पायाने ढकलली. पोटाने ढकलली, आणि त्यांचं पोट काही लहान नव्हतं. मग नखाने दोन विटांमधली माती खरवडली. वरचा थर मातीचा, आत राखाडी.

"सिमेंट!" मास्तर गरजले. "ताय! तुज्या स्टोअरमधना सिमेंट जेला!"

अगं बाई! माझ्या स्टोअरमधून? माझ्या? मी चपला न घालता बाहेर धावले. "कुणी घेतलं? बोला! कुणी हात लावला पोत्याला?" माझा आवाज ऐकून ड्रायव्हर दोन पावलं मागे सरला.

सुगंधा पुढे आली. हात मातीने भरलेले. "ताई, चोरी नाय केली. रिकाम्या पोत्यांतला हाय. सरवा वेचला."

सरवा तुम्हाला माहीत असेल. शेत कापून झालं की जमिनीवर पडलेले दाणे वेचून न्यायचे, तो सरवा. त्यावर कुणी हरकत घेत नाही. या बाईने महिनाभर झटकलेल्या पोत्यांतला चिमूट चिमूट सिमेंटचा सरवा गोळा करून डब्यात कोरडा ठेवला होता. सगळी रिकामी पोती तिने माझ्यासमोर झटकली होती आणि मी शाबासकी दिली होती. आणि ते रोजचं लोटाभर पाणीही सिमेंट पक्कं व्हायलाच होतं, कप्पाळ माझं!

"पन कनाला?" मास्तरांनी विचारलं. आवाज उतरला होता.

"एक तरी राहावी वाटली, मास्तर," ती म्हणाली. "एवढीशी होते तवापासून विटा थापते. भट्टीवरून ट्रक भरून जातात, लोकांची घरं होतात. माझ्या हातची भिंत उभी हाय, अशी मी कधी बघितलीच नाय. तुमी म्हनता जीव नको गुतवू. गुतला. आता काय करू?"

मग मास्तर इंजिनिअरकडे वळले. डोळे कसे चमकत होते! "साहेब, आता तुमीच पाडा. घन नाय, पहार नाय. हातपाय लावा, मानसा लावा. पडली त न्या तिला घमेला उचलाला. नाय पडली त तिच्या हातान थापी द्याची. हाय कबूल?"

इंजिनिअर हसला. पोरगा उमदा होता, हे कबूल करायलाच हवं. हेल्मेट ड्रायव्हरकडे दिलं, बाह्या सरसावल्या. "कबूल!"

आणि मग जे झालं ते मी आजवर शंभर जणांना तरी सांगितलं असेल, तरी सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. त्याने आधी खांदा लावला. हलली नाही. पळत येऊन धडकला. शर्टाची इस्त्री गेली. ड्रायव्हरला बोलावलं, दोघांनी रेटलं. पोरं ओरडायला लागली, "नाय पडत! नाय पडत!" पोरी टाळ्यांवर ठेका धरायला लागल्या. तुकडीतले दोन तगडे गडी मदतीला घेतले, चौघांनी मिळून "हैय्या" केलं. वरची एक वीट जराशी करकरली. सुगंधाने डोळे मिटून घेतले. मी, स्टोअरकीपर बाई, माझ्या विटा वाया गेल्या म्हणून ओरडायचं सोडून पदर कमरेला खोचून किंचाळत होते, "नाय पडत! नाय पडत!"

नाहीच पडली!

इंजिनिअर धापा टाकत विटांच्या ढिगावर बसला. बुटांची दैना, केसांत माती. म्हणाला, "काका, हिला मी गवंडी म्हणून नेतो. वर काय सांगायचं ते माझं मी बघतो." मग इतर मुलींकडे बघून म्हणाला, "यांनाही थापी देऊन बघू. नाही तर पुढच्या वेळी त्याही सिमेंट घालून ठेवतील आणि मला पुन्हा धडका माराव्या लागतील."

पोरींनी असा कल्ला केला की शेजारच्या गोदामातले लोक बघायला आले. मास्तर नाचत होते, लुंगी सांभाळत. सुगंधा भिंतीला पाठ टेकून रडत होती आणि हसत होती. त्या दिवशी बोंबलांबरोबर पापलेट होतं. इंजिनिअरने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी मास्तर खिडकीशी आले. "सोड गो बैल."

मी डबा हातात धरून ठेवला. "आधी सांगा. तुम्हाला बुधवारीच कळलं होतं. म्हणून साहेबांना शनिवारी बोलावलंत. आणि वर माझ्या स्टोअरवर आळ घेतलात!"

"उशीर होते, ताय."

"मास्तर!"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "थापी मारली न् आवाजावरनाच समजला. मातीची भित अशी बोलत नाय. तवापासना झोप नाय गो मना. पडली असती त? पोरीची शाला जेली असती. माज्या नादान जेली असती." आणि मोठा माणूस, दोन चाळींचा मालक, माझ्या खिडकीशी उभा राहून बाहीने डोळे पुसायला लागला. मग मलाही रडू आलं. साखळी मी त्यांच्या तळहातावर सोडली, आणि ते शिट्टी वाजवत गेले.

पुढे सुगंधा खारघरच्या साइटवर परांचीवर चढली. मास्तरांचे गुडघे गेले होते, वर चढता येईना. पण महिन्यातून एकदा तरी गाडी घेऊन ते तिथे जायचे, खाली रस्त्यावर उभे राहायचे आणि आरोळी ठोकायचे, "पाडा!"

वरून, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून, हेल्मेट घातलेलं एक डोकं डोकावायचं. "नाय पडत, मास्तर!"

एकदा मी बरोबर होते. त्यांनी मोबाइल वर करून फोटो काढला. फोटोत काय आलं असेल, परांची आणि आभाळ. पण घरी येईस्तोवर त्यांनी तो मला चारदा दाखवला.

गेल्या गणपतीनंतर मास्तर गेले. झोपेत गेले, सकाळी उठलेच नाहीत. सुगंधा साइटवरून तशीच आली होती, सिमेंटच्या हातांनी. मुलगी बरोबर होती, शाळेच्या युनिफॉर्मात. त्यांच्या सुनेने दोघींना आत नेऊन बसवलं.

आता नवे मास्तर आहेत. चांगले आहेत, पण आरोळीत तो दम नाही. सकाळी माझा हात अजून फळीकडे जातो आणि डबा खाली येतो. एकदा विचार केला की त्यात खिळे ठेवावेत. नाही ठेवले.

कोपऱ्यातली भिंत अजून उभी आहे. नव्या शेडच्या वेळी ती काढायची म्हणत होते, मी शेडच दोन हात सरकवायला लावली. दर नव्या तुकडीचा पहिला शनिवार आला की एकच गोष्ट घडते. सगळ्या भिंती पडतात, धूळ बसते आणि कुणा तरी पोराला कोपऱ्यातली ती दिसते. "अरे, ही राहिली!" म्हणत सगळी तिकडे धावतात. खांदे लावतात, पाय लावतात, हैय्या करतात. नवे मास्तर त्यांना सांगायला तोंड उघडतात.

पण त्याआधीच मी स्टोअरच्या दारात येऊन उभी असते, पदर खोचून. आणि रस्त्यावरचे टेम्पोवाले वळून बघतील इतक्या जोरात ओरडते, "नाय पडत! नाय पडत, मास्तर!"